घराचं वय एकसष्ट

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी घर एकसष्ट वर्षांचं झालं. आदल्या दिवशी ते साठ होतं, महिन्यापूर्वी अठ्ठावन्न. कागदोपत्री त्याला त्रेचाळीसच पूर्ण झाली होती.

वृषालीने मोबाईलवरचा आकडा दोनदा पाहिला. ॲप बंद केलं, परत उघडलं. एकसष्टच. मागे दूध उतू गेलं आणि ओट्यावरून खाली गळायला लागलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"किती?" बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला.

"एकसष्ट."

"बघ! काल एका पोराने सोफ्यावरून उडी मारली ना, त्याचं हे. मी घसा कोरडा करून सांगतोय, ऐकतंय कोण?" मग थोडं थांबून ते म्हणाले, "मी शहात्तर. याच वेगाने गेलं तर दिवाळीला घर मला गाठेल. दोघांचा वाढदिवस एकदम करा."

नाना म्हणजे मुरलीधर देवरे, वृषालीचे वडील. नाशिकच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं फिटर होते. कंपनीच्या कामगारांनी सोसायटी काढून गावाबाहेर प्लॉट घेतले, तेव्हा त्यांनी हे तळमजल्याचं घर बांधलं. आता ते गावाबाहेर राहिलं नव्हतं आणि नवंही राहिलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून वृषाली इथे परत आली. शेजारच्या दोन बाळांना दिवसभर सांभाळायला लागली. दोनाची चौदा झाली. रीतसर परवाना मिळाला. हॉलमध्ये रंगीत चटया आल्या, न्हाणीघरात बुटके नळ आले.

आणि आता हे. साठच्या पुढे गेलेल्या घराला कुठलीच कंपनी विमा देत नव्हती. विमा नसलेल्या इमारतीत पाळणाघर चालवायची परवानगी नव्हती. चालू पॉलिसी संपायला अठरा दिवस उरले होते. अठरा दिवसांत आकडा साठच्या आत आला नाही, तर एकोणिसाव्या दिवशी चौदा आयांना फोन करून सांगायचं होतं, की उद्यापासून मुलांना आणू नका.

पूर्वी हे प्रकरण एवढं टोकाला जात नसे. विमा कंपनी अर्ज पाठवायची. घर कधी बांधलं, छत कशाचं, वायरिंग कधी बदललं, नाला किती लांब, अग्निशमन केंद्र किती लांब. माणूस आपल्या सोयीने भरायचा. वायरिंग गेल्याच वर्षी बदललेलं असायचं, नाला नेहमी दोन किलोमीटरवर असायचा. जुनं घर म्हणजे हप्ता जास्त, एवढंच सरसकट गणित होतं. मग टिकली आली.

कंपनी तिला भलतंच लांबलचक नाव लावायची, पण लोकांनी टिकलीच केलं. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, खांबाला चिकटवायची. घराला नऊ खांब, प्रत्येकाला खाली, मध्ये आणि वर अशा तीन, एकूण सत्तावीस. ती ऐकते, बाकी काही करत नाही.

काय ऐकते? तर सळई गंजताना खांब जे बोलतो ते. ताज्या काँक्रीटमध्ये इतका क्षार असतो, की आतल्या सळईला गंज धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षाला केसभर, केसभर आत शिरतो आणि तो क्षार मारत जातो. एकदा तो सळईपर्यंत पोचला आणि वर ओल मिळाली, की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. सळई फुगते, काँक्रीटला आतून रेटते, आणि काँक्रीट तडकतं. तडा एवढा बारीक की भिंग लावूनही दिसणार नाही. त्याचा 'टिक' आवाज कुत्र्यालासुद्धा ऐकू येत नाही. टिकलीला येतो. कुठल्या खांबात, किती उंचीवर, दिवसाला किती वेळा, हे सगळं मोजून ती रोज सकाळी सातला घराचं खरं वय सांगते. त्या वयावर हप्ता ठरतो, किंवा ठरतच नाही.

टिकली कान लावून बसलीय म्हटल्यावर सोसायटीने एका महिन्यात आवाज बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी आपापलं डोकं चालवलं. ठेचा खलबत्त्यात कुटायचा बंद झाला. पाण्याची मोटर दिवसाआड. खुर्च्यांच्या पायांना मोजे आले. समोरच्या शेवाळेकाकू मिक्सर पिशवीत घालून बहिणीकडे जायच्या आणि आठवड्याची चटणी वाटून आणायच्या.

"तुझ्याकडे चौदा घोडे नाचतात गं," त्या वृषालीला म्हणाल्या. "आमचं बावन्नवर टेकवलंय मी. ह्यांना घोरायचं तर पाठ फिरवून, खांबाकडे तोंड नको म्हटलंय."

"काकू, घोरण्याने खांब गंजतो का?"

"ते मला नको सांगू. कानाला काय कळतं कशाचा आवाज आहे?"

नानांनी तर घराची शाळा करून टाकली. पोरांनी चटईवरच चालायचं, तेही टाचा न आपटता. चेंडू जप्त. साडेतीन वर्षांची रेवा ओठांवर बोट ठेवून बाकीच्यांना गप्प करत फिरायची. मुलं शहाण्यासारखी वागत होती. आकडा चढत होता.

एकसष्टच्या दिवशी दुपारी इम्तियाज पिंजारी आला. कंपनीचा मोजणीवाला, तिशीतला पोरगा, पाठीवर सॅक आणि हातात टॅब. त्याने नऊही खांबांवरून हात फिरवला, टॅबवर काहीतरी खालीवर केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, घरात कोणी राहत नाही का?"

"चौदा पोरं, ही आणि मी. का?"

"मग आवाज कुठे गेला? टिकलीला महिनाभर काही ऐकूच आलेलं नाही."

"नाही येणार," नाना छाती काढून म्हणाले. "तेवढी शिस्त ठेवलीय."

इम्तियाजने टॅब मांडीवर ठेवला. हसू येत होतं ते त्याने आवरलं. "डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा काय म्हणतो? जोरात श्वास घ्या. तुम्ही श्वास रोखून बसलात. घरात कोणी चाललं, उडी मारली, पाणी चढलं, की खांबांवर भार येतो, आणि भार आला की तडा बोलतो. तसा बोलला की मशीनला कळतं, कुठे किती दुखतंय. तुम्ही बोलूच दिलं नाही. मग कंपनीचा नियम काय? ऐकू येत नसेल तर वाईटच धरा. आकड्यातलं वर्ष-दीड वर्ष त्याचंच वाढलंय."

वृषालीने खिडकीतून समोर पाहिलं. शेवाळेकाकू पिशवी घेऊन निघाल्या होत्या.

"म्हणजे मुलांनी उड्या मारल्या तर चालतील?" तिने विचारलं.

"मारायलाच पाहिजेत, मॅडम. पण त्याने सुटणार नाही. हे बघा." त्याने टॅब वळवला. घराचं रेघांचं चित्र होतं. खांब खालून मध्यापर्यंत हिरवे आणि वरच्या टोकाला, नऊच्या नऊ, लालभडक. "असं सहसा दिसत नाही. गंज खालून येतो, बाथरूमच्या बाजूने येतो. तुमच्याकडे वरून उतरतोय. गच्चीवर काय आहे?"

गच्चीवर काय आहे ते तिघेही दोन मिनिटांनी बघत उभे होते. प्रत्येक खांबाच्या डोक्यातून चार सळया, अशा छत्तीस. हातभर उंच, लाल रंग दिलेल्या, प्रत्येकीच्या टोकावर पाण्याची प्लास्टिकची बाटली उपडी घातलेली. सोसायटीतल्या निम्म्या घरांवर अशाच होत्या. घर बांधताना पुढच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवायच्या असतात. पोरगा मोठा होणार, त्याचं लग्न होणार, तो वर राहणार.

"बाटल्या कोणी घातल्या?" इम्तियाजने एक उचलली. आतून घामेजली होती. सळईच्या टोकाचा रंग फुगून पापुद्रा सुटला होता.

"मी. पाऊस लागू नये म्हणून."

"पाऊस लागला असता आणि वाळलाही असता, काका. बाटलीत वाफ धरते. बारा महिने ओल. आणि उघडी सळई म्हणजे दिव्याची वात. वातीतून तेल वर चढतं, इथून ओल आणि गंज खाली उतरतो, थेट खांबात." त्याने चुळबुळत पुढचं सांगितलं. "बुडापासून कापा. खांबाचं डोकं खरवडून औषध लावू, वर सीलबंद करू. पाच-सहा दिवसांत मशीन परत मोजेल. साठच्या आत येईल असं मला वाटतं. लिहून नाही देणार."

"आणि मजला चढवायचा म्हटला तर?" नानांनी विचारलं.

"या खांबांवर? आता नाही चढणार, काका."

नाना कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. "या माझ्या पोराच्या, तुषारच्या सळया आहेत," ते म्हणाले. "कापायच्या नाहीत."

इम्तियाजने वृषालीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच त्याला जिन्याकडे नेलं.

त्या आठवड्यात तिचा पाय एका जागी ठरेना. भाजी चिरता चिरता उठायची आणि आकडा बघायची, तो सातशिवाय बदलत नाही हे माहीत असून. भरवताना एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडात. नानांशी दोनदा कडाक्याचं झालं.

"पाळणाघर दुसरीकडे हलव," नाना म्हणाले.

"कुठे? भाड्याने घेऊ? परवाना नव्याने काढू? सतरा दिवसांत?"

"मग बंद कर. पेन्शन येते मला. दोन माणसांना किती लागतं?"

"नऊ वर्षं हे घर कशावर चाललंय, नाना? ती सळई भाजी आणते का तुमची?"

"तुषार आला आणि त्याने विचारलं, की माझा मजला कुठाय, तर काय सांगू?"

तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. कारण तुषार येणार नव्हता, हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. तिच्या धाकट्या भावाने मेलबर्नच्या एका उपनगरात घर विकत घेतलं होतं. आधी तिला सांगितलं आणि वर गळ घातली, "नानांना इतक्यात बोलू नकोस, ताई. मी योग्य वेळ बघून सांगतो." दोन वर्षांत ती वेळ काही आली नव्हती.

तिने दुपारी मुलं झोपल्यावर त्याला फोन लावला.

"बोल ताई, पटकन. शिडीवर आहे. पन्हाळीत पानं अडकलीत."

"तू नानांना सांग. आज."

तिने सगळं भरभर सांगितलं. पलीकडे शिडी कुरकुरली. तो खाली उतरला असावा.

"तूच सांग ना," तो म्हणाला.

"मी का? घर तू घेतलंस!"

"मागच्या वेळी ते म्हणाले, तुझ्या सळयांना रंग मारला रे, दोन हात. यावर मी काय बोलायचं? सांग ना. माझ्याने नाही होत, ताई. तू तिथे आहेस."

"मी इथे आहे," ती म्हणाली, "हेच तर तुम्हा दोघांच्या सोयीचं पडतं." आणि तिने फोन ठेवला. मग तो ठेवल्याचं वाईट वाटलं, मग वाईट वाटल्याचा राग आला. छत्तीस सळयांत तिच्या नावाची एकही नव्हती. मुलीसाठी सळई सोडतात असं कुणी ऐकलेलंही नव्हतं, आणि नानांनी वाईट हेतूने तसं केलं होतं असंही नाही. सगळ्यांनीच केलं होतं.

ती गच्चीवर गेली. नाना लाल रंगाचा डबा घेऊन उकिडवे बसले होते. बाटल्या काढून एका ओळीत ठेवल्या होत्या. इम्तियाजचं तेवढं त्यांनी ऐकलं होतं.

"नाना, तुषारने तिकडे घर घेतलंय."

ब्रश थांबला नाही. ती सळई पूर्ण झाली.

"भाड्याने?"

"विकत."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

नानांनी ब्रश डब्यात उभा केला. तो पडला, त्यांनी परत उभा केला. "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"म्हणजे गेल्या वर्षी मी रंग मारत होतो आणि तू डबा धरून उभी होतीस, तेव्हा तुला माहीत होतं."

ती तयारी करून आली होती ती रडण्याची, ओरडण्याची. याची नव्हती. "हो," ती म्हणाली.

नाना गुडघ्यावर हात देऊन उठले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. जिना उतरून गेले.

तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मुलं आता धुडगूस घालत होती, तिनेच मोकळं सोडलं होतं. सोफ्यावरून उडी, चटईवर कोलांटी. नाना मधोमध खुर्चीत पेपर धरून बसायचे. ओरडायचे नाहीत, पानही उलटायचे नाहीत. बारा दिवस उरले. अकरा उरले. इम्तियाजचे तीन फोन येऊन गेले.

चौथ्या दिवशी रविवार होता. ती उठली तर वरून घरघर ऐकू आली. चप्पल न घालताच धावली. नाना गॉगल लावून, फुल बाह्यांचा जुना कंपनीचा शर्ट घालून ग्राइंडर चालवत होते. पहिल्या खांबाच्या चारही सळया आडव्या पडलेल्या. ठिणग्या कठड्यापर्यंत उडत होत्या.

"नाना! माणूस बोलावता आला असता!"

त्यांनी मशीन बंद केलं. चार सळयांतच ग्राइंडर त्यांना जड झाला होता. मग गॉगल काढून तिच्यापुढे धरला.

"घाल. चप्पल घालून ये आधी. आणि ओढणी काढून ठेव, चाकात जाईल."

"मी?"

"मग कोण? दोन्ही हातांनी धरायचं. दाबायचं नाही, त्याला त्याचं काम करू द्यायचं. चाक पूर्ण थांबेपर्यंत नजर हलवायची नाही."

पहिली सळई कापायला तिला पाच मिनिटं लागली. दहावी दीड मिनिटात. नाना बाजूला उभे राहून सांगत होते, "वाकडं. सरळ धर. आता बरोबर." जेवायच्या आधी सगळ्या आडव्या झाल्या. नानांनी त्या लांबीप्रमाणे लावल्या आणि भंगारवाल्याचा नंबर तिच्याकडेच मागितला.

सोमवारी इम्तियाजची माणसं येऊन खांबांची डोकी खरवडून, औषध लावून, सीलबंद करून गेली. मंगळवारी सकाळी आकडा आला बासष्ट.

वृषालीने लगेच इम्तियाजला फोन लावला तेव्हा तो दात घासत होता.

"मॅडम, थांबा ना. खांब हादरलेत, खरवडलेत. मशीनला ते पण दुखणंच वाटतं. पाच दिवस द्या."

पाच दिवस. बुधवारी बासष्ट. गुरुवारी एकसष्ट. शुक्रवारी एकसष्ट. ती कामं उकरून काढत होती. मुलांचे टॉवेल एका दिवसात दोनदा धुतले. शनिवारी आकडा बघायला ती उठलीच नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन पडली. दारात नाना आले.

"एकोणसाठ," ते म्हणाले. सळया कापल्यापासून कामापलीकडचं ते पहिलंच बोलले होते.

मंगळवारी सत्तावन्न. बुधवारी पॉलिसी आली. हप्ता सोसायटीतल्या इतरांपेक्षा जास्तच होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की वायरिंग मूळचं आहे, ते बदलल्यास हप्ता कमी होऊ शकतो. तिने कागद परवान्याच्या फाईलीत लावला आणि फाईल दोनदा उघडून बघितली. काळजीचं कारण गेलं होतं. पाय मात्र अजून थांबत नव्हते.

दुपारी मुलं झोपली आणि ती स्वयंपाकघरात खिमटीसाठी तांदूळ धूत होती. बाहेर नाना कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते.

"कशाचं आहे? लाकडाचं? सगळं? अरे, खांब कशाचे? ते पण लाकडाचे!"

तिने नळ बंद केला.

"कधीचं बांधलंय? साठ वर्षांपूर्वी! तुषार, तू काय काडेपेटी घेतलीस का? वाळवी बघितलीस? बघितली नाही. छताला किती वर्षं झाली? विचारलं नाहीस? घर घेताना पहिलं छताचं वय विचारायचं असतं. पाइप लोखंडी का? हं, मग ते आतून भरले असणार. वायरिंग? मूळचंच! मग तुझा विमा महागच पडत असणार, दुसरं काय होणार?"

मग बराच वेळ पलीकडचं बोलणं चालू राहिलं. नाना नुसतं हं, हं करत होते. वृषाली दाराआड हात निथळत उभी होती. दोन वर्षांनी ते पोराशी एवढं बोलत होते, आणि बोलणं होतं त्याच्याच घराचं. कापायला मी आणि काळजी त्याची, असं तिच्या मनात येऊन गेलं. हा विचार आपल्याला शोभत नाही असंही आलं. तरी तो गेला नाही.

"किती खोल्या आहेत?" नानांनी खालच्या आवाजात विचारलं. "तीन. बरं. तीन पुरतात."

मग ते खाकरले. "नाही, नाही. इथलं मला कशाला विचारतोस? खांब, विमा, कागद, सगळं तिच्याकडे असतं. हे घर ती बघते. तिला विचार." त्यांनी मान वळवली. ती तिथे उभी आहे हे त्यांना आधीपासून माहीत असावं. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"ताई?" तुषारचा आवाज दबलेला होता. "चिडलेत का गं ते? खरं सांग. काय काय झालं तिकडे?"

सांगण्यासारखं इतकं होतं की सुरुवात सापडेना. आतल्या खोलीत रेवा जागी झाली होती आणि चटईवर दणादण उड्या मारून बाकीच्यांना उठवत होती.

"तुषार, पोरं उठलीत," ती म्हणाली. "उद्या कर फोन, याच वेळेला. आत्ता मला वायरमन गाठायचाय."

तिने फोन नानांच्या हातात परत दिला आणि आत गेली.